दिवा आधी, डिमर नंतर : वीजकामाविषयी वाचकांचे प्रश्न

गणपती ते दिवाळी या दिवसांत घरोघर रंगकाम, पीओपी आणि नव्या दिव्यांची कामं निघतात. या खेपेस आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत : एलईडी दिव्यांना डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लावला आणि दिवे फडफडायला लागले, गुणगुणायला लागले किंवा गेलेच. इंदूरच्या वाचकांची पत्रं सगळ्यात जास्त होती, म्हणून तीच निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये सहा होल्डरचं झुंबर आहे. पूर्वी त्यात ६० वॉटचे पिवळे बल्ब होते आणि बोर्डावर ४०० वॉटचा डिमर. कधी तक्रार नव्हती. बिल कमी यावं म्हणून ९ वॉटचे एलईडी बल्ब लावले. आता डिमर अर्ध्याखाली आणला की दिवे फडफडतात, बोर्डातून घूं-घूं आवाज येतो आणि दोन बल्ब तर गेलेसुद्धा. दुकानदार म्हणतात, डिमर खराब झालाय, नवा घ्या. घ्यावा का?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : डिमर बिघडलेला नाही. तसाच नवा आणलात तरी हेच होईल. बिनसलंय ते जोडीत : डिमर पिवळ्या बल्बासाठी बनवलेला, आणि बल्ब डिमरवर चालण्यासाठी बनवलेले नाहीत.

आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. म्हणजे प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. जुन्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा भाग असतो. अर्धी लाट सुरू झाली की तो थोडा वेळ वीज अडवून धरतो आणि मग एकदम सोडतो. लाटेचा पुढचा भाग असा कापला जातो, म्हणून या प्रकाराला लीडिंग एज म्हणतात. पिवळ्या बल्बाची तार तापून उजेड देते, मधल्या मिलिसेकंदांत ती थंड व्हायला सवड मिळत नाही, त्यामुळे उजेड एकसारखा मंदावतो. एलईडी बल्बाच्या बुडात मात्र ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीजोगी करून देणारं सर्किट असतं आणि त्याच्या तोंडाशीच कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. डिमर अर्ध्यावर असताना ट्रायॅक उघडतो तो लाटेच्या शेंड्यावर, जिथे व्होल्टेज ३२५ च्या आसपास असतं. कपॅसिटर त्या क्षणी एकदम भरतो आणि करंटचा तडाखा बसतो, सेकंदाला शंभर वेळा. आवाज येतो तो यामुळे, आणि बल्बही यानेच जातात.

फडफडण्याचं कारण याच्याच पुढचं आहे. कपॅसिटर भरला की बल्ब वीज ओढणं जवळजवळ थांबवतो. ट्रायॅकला उघडं राहायला काही मिलिअँपिअर करंट सतत वाहता लागतो. साधारण १० ते ५० च्या घरात. तो मिळाला नाही की ट्रायॅक लाटेच्या मध्येच मिटतो आणि कधी पुन्हा उघडतो, कधी नाही. त्यात तुमचा लोडही उतरला आहे. पूर्वी सहा बल्बांचे ३६० वॉट होते, आता ५४. डिमरच्या पाठीवर पाहा, ‘६०–४०० वॉट’ असं काहीतरी छापलेलं सापडेल. पहिला आकडा कोणी वाचत नाही, पण एलईडीच्या बाबतीत आधी तोच वाचायचा.

आता बल्ब. खोक्यावर ‘डिमेबल’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो डिमरचा बल्ब नाही असंच धरून चाला. काही खोक्यांवर डिमरच्या बटणाचं छोटं चित्र आणि त्यावर काट मारलेली असते, अर्थ तोच. बाजारातले स्वस्त ९ वॉटचे बल्ब आणि २०१५ पासून उजाला योजनेत मिळालेले बल्बही साध्या बटणासाठीच आहेत. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६१०२ हा क्रमांक असला म्हणजे बल्ब सुरक्षिततेच्या कसोटीला उतरला एवढंच कळतं. तो मंद होतो की नाही याच्याशी त्या खुणेचा संबंध नाही.

तुमच्यासाठी उपाय असा. आधी डिमेबल बल्ब निवडा. बहुतेक चांगले उत्पादक कोणत्या बल्बाबरोबर कोणता डिमर चालतो याची यादी देतात. ती पाहून मगच डिमर घ्या. यादी नसेल तर ट्रेलिंग एज प्रकारचा डिमर बघा. तो लाटेचा पुढचा भाग जाऊ देतो आणि मागचा कापतो. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढतं, कपॅसिटरला धक्का बसत नाही आणि आवाजही बहुतेक वेळा जातो. त्यावर एलईडीसाठीचा आकडा वेगळा छापलेला हवा, उदाहरणार्थ ‘एलईडी ५–१०० वॉट’. तुमचे ५४ वॉट त्यात आरामात बसतात. सगळे बल्ब एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. पाच डिमेबल आणि सहावा जुना, असं केलंत तर तो एक सगळ्यांना फडफडायला लावील.

बसवल्यावर लगेच वायरमनला सोडू नका. ट्रेलिंग एज डिमरवर बहुधा कमीत कमी उजेड ठरवायचा बारीक स्क्रू असतो, प्लेटखाली किंवा बटणाच्या बुडाशी. दिवे दहा मिनिटं पूर्ण उजेडावर ठेवा, मग डिमर तळाला आणा आणि स्क्रू फिरवत जिथे फडफड सुरू होते तिथून किंचित वर ठेवा. मग डिमर तळालाच ठेवून बटण बंद करा, मिनिटभराने चालू करा. सहाच्या सहा बल्ब लगेच लागायला हवेत. एखादा उशिरा लागला किंवा लागलाच नाही तर स्क्रू आणखी थोडा वर. ही शेवटची चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि मग रोज संध्याकाळी डिमर आधी वर नेऊन पुन्हा खाली आणण्याची सवय घरादाराला लागते.

प्रश्न : मॉड्युलर प्लेटमध्ये ४०० वॉटचा डिमर बसवायचा आहे. त्यावर १२ वॉटचे किती डाउनलाइट चालतील? भागाकार केला तर ३३ येतात.
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : ते ४०० वॉट पिवळ्या बल्बाचे आहेत. वर सांगितलेला करंटचा तडाखा प्रत्येक दिव्याचा वेगळा आणि सगळ्यांचा एकाच क्षणी बसतो, म्हणून एलईडीसाठी हा आकडा फार खाली आणावा लागतो. डिमरवर एलईडीचा आकडा छापलेला असेल तर तोच खरा. छापलेला नसेल, तर लीडिंग एज डिमरला मूळ आकड्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त लोड लावू नये असं आमचं मत आहे. म्हणजे ४० वॉट, १२ वॉटचे तीन दिवे. कोणी पाचव्या हिश्श्यापर्यंत जातात. आम्ही तसा सल्ला देणार नाही, कारण आपल्याकडे मे महिन्यात भिंतीचा बोर्डच एवढा तापलेला असतो की डिमरला थंड व्हायला जागा राहत नाही.

याच कारणासाठी एका प्लेटमध्ये डिमरच्या दोन्ही बाजूंना पंख्याचे रेग्युलेटर बसवू नका. मध्ये एखादं बटण किंवा कोरं मॉड्यूल ठेवा. डिमरची पाठ साध्या बटणापेक्षा खोल असते, हेही पाहा. जुन्या उथळ डब्यात तो तारांवर दाबून बसवला की तारांचं आवरण तापून कडक होतं आणि पुढे तडकतं.

महाराणी रोडवर खरेदीला गेलात तर ‘डिमेबल है क्या?’ एवढ्यावर थांबू नका. डिमर हातात घ्या आणि त्याच्या पाठीवर तीन गोष्टी वाचा : लीडिंग की ट्रेलिंग, एलईडीचे किमान वॉट, एलईडीचे कमाल वॉट. तिन्ही नसतील तर तो डिमर एलईडीसाठी घेऊ नका. आणि आठ-दहा दिव्यांचं काम असेल तर आधी एक डिमर आणि दोन दिवे आणून घरी चालवून बघा. दुकानातल्या बोर्डावर चाललेली जोडी घरी चालेलच असं नाही, पण घरच्या बोर्डावर रात्री आणि दिवसा दोन्ही वेळा शांत चालली तर बाकीचे दिवे बिनधास्त घ्या.

प्रश्न : पंख्याचा जुना रेग्युलेटर पडून आहे. तो बल्बाला लावला तर?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : लावू नका. हल्लीचे पाच पायऱ्यांचे रेग्युलेटर पंख्याच्या मोटरसाठी कपॅसिटर जोडून वेग कमी करतात. एलईडी बल्बावर त्याने उजेड नीट कमी होत नाही, आणि ड्रायव्हरला मात्र विचित्र लाट मिळते. गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅकचेच असतात, पण ते मोटरच्या हिशेबाने बसवलेले. उलटही करू नये : दिव्याचा डिमर पंख्याला लावला की मोटर गुरगुरते आणि तापते.

प्रश्न : फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॉटचे आठ गोल पॅनेल दिवे आधीच बसवले आहेत. आता ते मंद व्हावेत असं वाटतं. सगळे दिवे बदलायचे की नुसते ड्रायव्हर?
— एक वाचिका, लोकमान्यनगर

उत्तर : नुसते ड्रायव्हर बदलून काम होतं, हे तुमच्या दिव्यांचं सुख. पॅनेलच्या मागे वेगळी पांढरी डबी लोंबते ती ड्रायव्हर. पॅनेलमधल्या एलईडींना डिमरशी देणंघेणं नाही, ते फक्त मिळेल त्या करंटप्रमाणे उजेड देतात. मंद होण्याचं सगळं काम डबीचं.

एक दिवा खाली ओढून डबीवरचा कागद वाचा. ‘आउटपुट’ असं लिहिलेल्या ओळीत दोन आकडे सापडतील, जसं की ‘३०० मिलिअँपिअर’ आणि ‘२४–४२ व्होल्ट डीसी’. नवा डिमेबल ड्रायव्हर घेताना करंटचा आकडा तंतोतंत तोच हवा. ३०० च्या जागी ३५० चा लावला तर दिवा जास्त उजळ दिसेल, दुकानदारही ‘चलेगा’ म्हणेल, पण पॅनेल जास्त तापेल आणि लवकर पिवळट पडेल. व्होल्टेजच्या आकड्यांत मात्र सैलपणा चालतो. पॅनेलला लागणारं व्होल्टेज त्या पट्ट्याच्या आत असलं की पुरे. १२ वॉटच्या ३०० मिलिअँपिअरच्या पॅनेलला साधारण ३६ ते ४० व्होल्ट लागतात. ते २४–४२ मध्ये बसतं. १२–२४ वाला ड्रायव्हर घेतलात तर दिवा लुकलुकेल किंवा लागणारच नाही.

मग ‘डिमेबल’ म्हणजे कशाने, हे पाहायचं. ड्रायव्हरवर ‘ट्रायॅक डिमेबल’ किंवा ‘फेज कट’ लिहिलं असेल तर तो भिंतीवरच्या डिमरने, आहे त्याच दोन तारांवर मंद होतो. ‘०–१० व्होल्ट’ लिहिलं असेल तर दिव्यापासून बोर्डापर्यंत आणखी दोन बारीक तारा आणाव्या लागतात. त्यांच्यातला १० व्होल्टचा इशारा कमी-जास्त झाला की उजेड बदलतो, आणि बहुतेक वेळा दिवा पूर्ण बंद करायला वेगळं बटण लागतंच. सीलिंग बंद झालेल्या तुमच्या घरात या दोन तारा ओढणं म्हणजे पीओपी फोडणं. ‘डाली’ नावाची तिसरी पद्धत ऑफिसांसाठी आणि मोठ्या सभागृहांसाठी चांगली. एका ओळीवर ६४ दिव्यांना वेगवेगळा हुकूम देता येतो. आठ दिव्यांच्या हॉलला त्याची गरज नाही. तुम्हाला फेज कट ड्रायव्हरच घ्यायचा आहे, आणि डिमर त्या ड्रायव्हरच्या उत्पादकाच्या यादीतला.

बदलताना क्रम चुकवू नका. एमसीबी खाली करा, टेस्टरने ड्रायव्हरकडे येणारी तार तपासा. आधी ड्रायव्हर आणि पॅनेल यांच्यामधली पिन सोडवा, मग २३० व्होल्टची बाजू. नवीन जोडताना आधी पॅनेल नव्या ड्रायव्हरला जोडायचं, मग २३० व्होल्टची बाजू, आणि सगळ्यात शेवटी एमसीबी वर. चालू ड्रायव्हरला पॅनेलची पिन खुपसायची नाही. मोकळा चालू राहिलेला ड्रायव्हर आपलं व्होल्टेज वरच्या टोकाला नेऊन ठेवतो, आणि पिन लागताच त्याच्या कपॅसिटरमधला साठा एलईडींमधून जातो. एका क्षणात पॅनेलमधले दोन-चार ठिपके काळे पडतात. वायरमन घाईत हेच करतात आणि दोष नव्या ड्रायव्हरवर जातो.

आठ दिव्यांचे ९६ वॉट झाले. एका डिमरवर सगळे घेण्यापेक्षा चार-चारचे दोन भाग करा. डिमर थंड राहील, आणि टीव्हीच्या बाजूचे दिवे मंद ठेवून जेवणाच्या टेबलावरचे पूर्ण ठेवता येतील.

प्रश्न : हॉलच्या दोन बाजूंनी कोव्हमध्ये (छताच्या कडेच्या खाचेत) १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप लावली आहे, एकूण १० मीटर. वायरमनने भिंतीवरचा डिमर ॲडॉप्टरच्या आधी, २३० व्होल्टच्या लाइनवर जोडला. स्ट्रिप मंद होत नाही, एकदम बंद होते, आणि ॲडॉप्टर चिरचिरतो. शिवाय स्ट्रिपचं शेवटचं टोक फिकट दिसतं.
— एक वाचक, विजयनगर

उत्तर : पत्रात दोन वेगवेगळे बिघाड आहेत.

पहिला डिमरचा. तुम्ही ज्याला ॲडॉप्टर म्हणता त्या एसएमपीएसचं (२३० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करणाऱ्या डबीचं) कामच आहे की समोरून काहीही आलं तरी मागून १२ व्होल्ट स्थिर द्यायचे. डिमर समोरून वीज कापतो, एसएमपीएस ती भरून काढतो, आणि भरून काढता येईनासं झालं की हात टेकतो. म्हणून मधला उजेड नाहीच. तो डिमर काढून तिथे साधं बटण लावा. डिमर हवा तो एसएमपीएस आणि स्ट्रिप यांच्या मध्ये, डीसी बाजूला. त्याला पीडब्ल्यूएम डिमर म्हणतात. तो स्ट्रिपला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतो; चालू राहण्याचा वेळ जितका कमी, तितका उजेड कमी. घेताना त्याची फ्रीक्वेन्सी विचारा. अगदी स्वस्त डिमर काही शे हर्ट्झवर चालतात. मोबाइलने व्हिडिओ काढला की पट्टे दिसतात, आणि काहींचं डोकं दुखतं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या, २०१५ च्या मार्गदर्शिकेच्या हिशेबाने १२५० हर्ट्झच्या वर गेलं की धोका कमी, ३००० च्या वर चिंता नाही. मुलं त्या खोलीत अभ्यासाला बसत असतील तर इथे पैसे वाचवू नका.

आता फिकट टोक. मीटरला ६० एलईडींची ५०५० जातीची स्ट्रिप असेल तर ती मीटरला १४.४ वॉट घेते. १० मीटरचे १४४ वॉट, आणि १२ व्होल्टला ते होतात १२ अँपिअर. एवढा करंट स्ट्रिपच्या पातळ तांब्यातून एका टोकाने गेला की वाटेतच व्होल्टेज गळतं. पाच मीटरपेक्षा जास्त स्ट्रिप एका टोकाने जोडू नये. तुमच्या दोन बाजू पाच-पाच मीटरच्या असतील तर त्यांना दोन वेगळ्या तारांनी वीज द्या, एकीच्या शेपटाला दुसरी जोडू नका.

तारेचा हिशेबही करून पाहा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. एसएमपीएस स्ट्रिपपासून पाच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तार, म्हणजे ०.१२ ओहम. एका बाजूचे ६ अँपिअर त्यातून गेले की ०.७ व्होल्ट स्ट्रिपपर्यंत पोचायच्या आतच गेले. १२ मधले ०.७ डोळ्याला दिसतात. हेच काम २४ व्होल्टच्या स्ट्रिपने केलं तर करंट निम्मा, गळती निम्मी, आणि तीही २४ मधली. नव्याने काम काढणाऱ्यांनी २४ व्होल्टच घ्यावं, असा आमचा आग्रह आहे. तुमच्याकडे १२ ची लागलेलीच आहे, तर २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्या आणि एसएमपीएस कोव्हच्या जवळ आणा.

एसएमपीएस १४४ वॉटला १५० चा घेऊ नका. २० टक्के जागा सोडा, म्हणजे १८० वॉट, १५ अँपिअरचा. पीडब्ल्यूएम डिमरवरचा अँपिअरचा आकडाही तेवढाच हवा. बाजारातले छोटे डिमर अनेकदा ८ अँपिअरचे असतात, ते इथे जळतील. आणि एसएमपीएस पीओपीच्या आत कायमचा गाडू नका. तो कधीतरी जाणारच, तेव्हा हात पोचेल अशी झाकणाची जागा आत्ताच ठेवायला सांगा.

प्रश्न : बटण बंद केलं तरी रात्री एलईडी दिवा अगदी मंद चमकत राहतो. भुताटकी म्हणून शेजारी चेष्टा करतात, पण बिल वाढतंय का आणि धोका आहे का?
— एक वाचक, तिलकनगर

उत्तर : बिलात फरक कळणार नाही. धोका आहे की नाही ते कारणावर अवलंबून.

आधी बटणात लाल किंवा केशरी नियॉन दिवा आहे का पाहा. बटण बंद असताना तो लागतो तो एलईडी बल्बामधून जाणाऱ्या इवल्याशा करंटवरच. पिवळ्या बल्बाला तो जाणवायचा नाही; एलईडी मिलिअँपिअरच्या अंशावरही चमकतो, किंवा कपॅसिटर भरला की दर काही सेकंदांनी एकदा लुकलुकतो. नियॉनवालं बटण बदला, काम झालं.

नियॉन नसेल तर बटण न्यूट्रलवर आहे का ते तपासून घ्या. जुन्या घरांत हे पुष्कळदा सापडतं. बटण बंद, पण होल्डरमध्ये फेज तसाच उभा. बल्ब बदलताना शॉक बसतो तो यानेच, म्हणून हे दुरुस्त केल्याशिवाय राहू नका. टेस्टर इथे फसवतो : शेजारच्या तारेतून उतरलेल्या व्होल्टेजवरही तो मंद लागतो. वायरमनला मीटर लावून तपासायला सांगा आणि बोर्डात बटणाकडे फेजची तार वळवून घ्या.

तिसरं कारण न्यूट्रल नसलेला डिमर किंवा टच बटण. त्याला स्वतःला जागं राहायला थोडी वीज लागते आणि ती तो बल्बामधूनच ओढतो. आपल्याकडच्या बोर्डांत सॉकेट असल्यामुळे न्यूट्रल बहुतेक वेळा हाताशी असतो, तेव्हा न्यूट्रल जोडता येणारा डिमर घेणं सोपं आहे. ते जमत नसेल तर डिमरच्या उत्पादकाचाच बायपास (ही थोडी वीज बल्बाऐवजी आपल्यातून जाऊ देणारा छोटा भाग) दिव्याजवळ, दिव्याला समांतर जोडतात. कोणी साधा कपॅसिटर आणून लावू म्हणाला तर नको म्हणा. २३० व्होल्टवर कायम राहणारा कपॅसिटर एक्स२ जातीचा, २७५ व्होल्ट एसी छापलेला लागतो, आणि ट्रायॅकच्या डिमरवर नुसता कपॅसिटर लावला तर वर सांगितलेला तडाखा उलट वाढतो.

प्रश्न : एरवी डिमर व्यवस्थित चालतो. लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की तेच दिवे भकभकतात.
— एक वाचक, वैशालीनगर

उत्तर : तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असणार, पाठीवर ‘स्क्वेअर वेव्ह’ लिहिलं आहे का पाहा. डिमरला लाट शून्यावर कधी येते आणि कशी चढते ते पाहून कापायची असते. चौकोनी लाट चढत नाही, उडी मारते, आणि प्रत्येक उडीला ड्रायव्हरच्या कपॅसिटरला धक्का बसतो. इन्व्हर्टर बदलायचाच असेल तेव्हा साइन वेव्ह घ्या. तोवर डिमरचे दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा आणि त्या खोलीत साध्या बटणावरचा एक दिवा इन्व्हर्टरवर ठेवा. ‘डिमर पूर्ण वर नेऊन वापरू’ ही तोड आम्ही सुचवत नाही, कारण डिमर तेव्हाही लाटेत थोडी काट मारतोच.

प्रश्न : आईंच्या खोलीत रात्री अगदी मंद उजेड हवा आहे. डिमेबल बल्ब १० टक्क्यांपर्यंत उतरतो असं लिहिलं होतं, पण तळाला आणूनही खोली बऱ्यापैकी उजळ वाटते. त्यांना झोप लागत नाही.
— एक वाचिका, राजेंद्रनगर

उत्तर : बल्ब बहुधा खरंच १० टक्क्यांवर येत असेल. आपला डोळा उजेड मीटरसारखा मोजत नाही. जाणवणारा उजेड साधारण मोजलेल्या उजेडाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो. १० टक्के उजेड डोळ्याला पूर्ण उजेडाच्या ३२ टक्के वाटतो, तिसरा हिस्सा. अंधारात रुळलेल्या डोळ्यांना त्याहूनही जास्त. जाणवायला दहावा हिस्सा हवा असेल तर १ टक्क्यापर्यंत उतरणारा ड्रायव्हर लागतो. असे ड्रायव्हर मिळतात, पण महाग, आणि तेवढ्या खाली फडफड न होता चालायला डिमरही त्याच तोडीचा हवा.

रंगाचाही भाग आहे. पिवळा बल्ब मंद केला की उजेड तांबूस होत जायचा. आईंच्या डोळ्यांना तीच सवय आहे. साधा डिमेबल एलईडी मंद झाला तरी रंग तोच ठेवतो. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्व्हिनचा पांढरा बल्ब असेल तर तो मंद होऊनही निळसर, थंड दिसतो. निदान २७०० केल्व्हिनचा घ्या. ‘वॉर्म डिम’ लिहिलेले काही दिवे मंद होताना २७०० वरून १८०० च्या आसपास उतरतात, ते सगळ्यात सुखाचे.

तरी आईंसाठी आमचा सल्ला डिमरचा नाही. ०.५ वॉटचा एलईडी झीरोचा बल्ब वेगळ्या बटणावर लावा. (जुना ‘झीरोचा’ बल्ब नावालाच झीरो होता, १५ वॉटपर्यंत घ्यायचा.) तो छतावर नको. पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, बाथरूमच्या वाटेकडे तोंड करून. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत उजेड जात नाही आणि उठल्यावर पायाखालची फरशी, पायपुसणं, उंबरा स्पष्ट दिसतो. बटण हात लांबवल्यावर पडल्या-पडल्या सापडेल अशा जागी घ्या. मोठ्या दिव्याचा डिमर मग संध्याकाळच्या वाचनापुरता राहू दे.

प्रश्न : जिन्याच्या खाली आणि वर, दोन्हीकडे डिमर बसवता येतील का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : दोन साधे डिमर एकाच दिव्यावर बसत नाहीत. पहिल्याने कापलेली लाट दुसऱ्याला समजत नाही, आणि दोन्ही गुणगुणतात. एका टोकाला टू-वे जोडणी असलेला डिमर आणि दुसऱ्या टोकाला साधं टू-वे बटण लावा. उजेड एकाच ठिकाणाहून ठरेल, चालू-बंद दोन्हीकडून होईल. डिमर खालच्या टोकाला ठेवा, कारण मंद करायची वेळ तिथेच येते. जिन्यावर तळाचा स्क्रू मात्र बराच वर ठेवा. पायऱ्यांच्या कडा दिसल्याच पाहिजेत.

प्रश्न : मोबाइलवरून चालणारे वाय-फाय बल्ब आणले आहेत. बोर्डावर डिमर आहेच, तो राहू दिला तर चालेल का?
— एक वाचक, पलासिया

उत्तर : नाही. वाय-फाय बल्ब स्वतःच आतून मंद होतो आणि त्याच्या रेडिओला अखंड, न कापलेली वीज लागते. डिमर अर्धवट ठेवला की बल्ब वाय-फायवरून सुटतो, पुन्हा जोडायला लागतो, आणि त्याचा ड्रायव्हर झिजतो. डिमर काढून साधं बटण लावा आणि ते चालूच राहू द्या. काढलेला डिमर दुसऱ्या खोलीत वापरणार असाल, तर त्याच्या पाठीवरचे एलईडीचे किमान-कमाल वॉट आधी पाहून घ्या.